ऑक्साइड की सल्फाइड, सोनं कशातून नीट निघतं?
नाशकात सराफ बाजारातल्या मित्राच्या पोराला मेटलर्जीचा प्रोजेक्ट करायचाय, सोन्याचं ऑक्साइड ओअर (हवापाण्याने ऑक्सिडाइज झालेलं खनिज) घेऊ की सल्फाइड (गंधकवालं खनिज) यात अडकलाय. नुसत्या ग्रेडला, म्हणजे टनामागे सोनं किती याला, भुलू नको रे बाबा. समज टनाला ४ ग्रॅमचं सल्फाइड, रिकव्हरी (त्यातलं प्रत्यक्ष निघणारं सोनं) ५० टक्के, हातात आले २ ग्रॅम, आणि २.५ ग्रॅमचं ऑक्साइड ९० टक्क्यांनी सव्वादोन देऊन मोकळं! हट्टी सल्फाइडमध्ये सोन्याचे कण पायराइट, आर्सेनोपायराइट या लोह-गंधकाच्या (दुसऱ्यात आर्सेनिकही) खनिजांच्या पोटात अडकलेले, नेहमीसारखं दळून सोनं विरघळवणारं सायनाइड तिथवर नीट पोचतच नाही, मग आधी भाजा नाहीतर प्रेशरखाली ऑक्सिडाइज करा, खर्च वाढलाच, वर भाजताना आर्सेनिकचा विषारी धूर सांभाळा. ऑक्साइड सरळमार्गी, फक्त चिकणमाती जास्त असली की गाळताना जीव जातो.

एका सेमिस्टरमध्ये उरकायचं तर ऑक्साइड घे, पुढे रिसर्चच करायचाय तर सल्फाइड.