सीएसटी रोडवरचं ब्रेकवाल्याचं गॅरेज, चार स्टार

गाडी मारुती ८००, २००५ ची, पासिंग रिन्यू करून चालवतोय. ब्रेक एकदम स्पंजी झालेला, पेडल खाली जायचं आणि दोनतीनदा पंप मारला की मग वर यायचं. सिग्नलला पुढे बेस्टची बस असली की पोटात गोळा. आधी घराजवळच्या एका चकाचक वर्कशॉपला दाखवली तर त्यांनी चाक न खोलताच मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो तो), पॅड, सगळं बदलायचं एस्टिमेट हातात ठेवलं, वर ब्रेक ऑइल टॉपअप करून दिलं. अरे पण ऑइल कमी का झालं ते तर बघा ना.

मग कुर्ल्याला सीएसटी रोडवर, जिथे स्पेअर पार्टची दुकानं आहेत तिथल्या एका गल्लीत गेलो. उस्तादने आधी इंजिन बंद करून पेडल पंप केलं आणि पाय दाबून धरून ठेवला. म्हणाला, दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली बसत गेलं असतं आणि बाहेर कुठे लीक नसतं तर मास्टरवर संशय घेतला असता, इथे पंप मारल्यावर टिकतंय, म्हणजे एक तर लाइनमध्ये हवा नाहीतर मागच्या शूचं (ड्रमला आतून घासून चाक थांबवतात ते) ॲडजस्टमेंट गेलंय. मागची चाकं खोलली. डाव्या ड्रममध्ये व्हील सिलिंडरचं (चाकातला, शू ढकलणारा) रबर उचलून दाखवलं तर आत ओलं, लायनरपण ऑइलने भिजलेलं. ऑइल इथून जात होतं! तो व्हील सिलिंडर नवीन टाकला, शू दोन्ही बाजूंचे बदलले (एकाच बाजूचे बदलले तर गाडी खेचते), आणि मग ब्लीडिंग, म्हणजे लाइनमधली हवा काढणं.

ब्लीडिंग बघण्यासारखं होतं. चाकाजवळच्या निपलला (हवा काढायचा स्क्रू) पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं, आत बसलेला पोरगा पेडल दाबून ओरडणार, "दबाया", मग उस्ताद निपल ढिला करणार, आणि परत आवळल्याशिवाय पोराने पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत. आधी चहाच्या रंगाचं जुनं ऑइल आलं, मग बुडबुडे, शेवटी स्वच्छ. चारही चाकांना हेच, आणि मध्येमध्ये वरची टाकी भरत होता कारण ती रिकामी झाली की सगळी मेहनत पाण्यात.

ऑइलची बाटली सीलबंद, माझ्यासमोर फोडली, डॉट ३ ग्रेडची, टाकीच्या झाकणावर लिहिलेलं तेच. हे महत्त्वाचं आहे कारण हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडी पडलेली बाटली म्हणजे विचारूच नका. नवीन डॉट ३ कमीत कमी २०५ डिग्रीपर्यंत उकळता कामा नये, त्यात पावणेचार टक्क्याच्या आसपास पाणी गेलं की तीच हमी १४० वर येते, मग खंडाळ्याचा घाट उतरताना ब्रेक तापले की वाफ धरून पेडल परत नरम.

आता पेडल वरच लागतं, कडक. बिल त्या एस्टिमेटच्या पाव पण नाही.

एक स्टार कापला तो पोरासाठी. ब्रेक ऑइल फेंडरवर सांडलं आणि फडक्याने नुसतं पसरवलं, मी ओरडल्यावर पाणी मारलं, कलर खातं ते ऑइल बाबा! शिवाय बसायला जागा नाही, पार्किंग तर नाहीच, आणि पक्कं बिल मागितलं की उस्तादचं तोंड वाकडं. सकाळी लवकर जा, उशीर झाला की टेम्पोवाले नंबर लावून बसलेले असतात.