बॉबी ऑरगॅनिक फॉर्म्युला: आठ महिने वापरल्यानंतर

मुलगी सात आठवड्यांची असताना आम्ही तिला वरचं दूध सुरू केलं. सिझेरियन झालेलं, मग मला ताप आला आणि अंगावरचं दूध काही केल्या पुरेना. साताऱ्याहून बाळंतपणाला आलेल्या आईने अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी, सगळं करून घातलं. तरी काट्यावर मुलीचं वजन सरकत नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, प्रत्येक वेळी आधी अंगावर पाज, मग दोन औंस फॉर्म्युला, म्हणजे डब्यातलं पावडरचं दूध, दे. आम्ही अमेरिकेत राहतो. त्या रात्री नवरा एडिसनच्या टार्गेट या दुकानातून एक डबा घेऊन आला, बॉबीचा नव्हे, दुसऱ्याच कंपनीचा. त्यावर ‘ऑरगॅनिक’ असं लिहिलं होतं आणि पोट नाजूक असलेल्या बाळांसाठी आहे असंही. आम्हाला त्याहून जास्त काय हवं होतं?

तीन दिवसांनी पहाटे तिला पाजता पाजता मी तो डबा फिरवून मागचं वाचलं. घटकांच्या यादीत पहिलाच शब्द: ऑरगॅनिक कॉर्न सिरप सॉलिड्स. दुधाचं नाव त्याच्या नंतर. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. म्हणजे त्या डब्यात सगळ्यात जास्त होतं ते मक्याचं सिरप, पावडर केलेलं. मी तिला पाजत राहिले आणि रडत राहिले. (त्या कंपनीचं नाव मी इथे देत नाही. त्यांनी काही लपवलं नव्हतं, वाचलं नव्हतं ते मी.)

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही, पण नोकरीच फार्मा कंपनीत कागद तपासण्याची आहे, त्यामुळे नियम वाचायची सवय आहे. त्या आठवड्यात जे वाचलं आणि डॉक्टरांना विचारलं, ते आधी सांगते, कारण त्याशिवाय डब्याबद्दल काय म्हणायचंय ते कळणार नाही.

गाईच्या दुधात 100 मिलीमागे प्रथिनं साधारण 3.3 ग्रॅम, आईच्या दुधात जेमतेम 1 ग्रॅम. एवढी प्रथिनं तान्ह्या मुलाच्या मूत्रपिंडांना झेपत नाहीत, म्हणून फॉर्म्युला करताना दूध पातळ करावं लागतं. पातळ केलं की त्यातली साखरही कमी होते. आईच्या दुधात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, 7 ग्रॅमच्या आसपास असतं, गाईच्या दुधात पावणेपाच. ही तूट भरून काढायला प्रत्येक कंपनीला वरून काहीतरी गोड घालावंच लागतं. म्हणून ‘साखर घातलेली आहे का’ हा माझा प्रश्नच चुकीचा होता. कोणती घातलीय, हे बघायला हवं होतं.

हिशोब केला तेव्हा पोटात गोळा आला होता. दिवसाला 24 औंस (साधारण 700 मिली) दूध पिणाऱ्या बाळाच्या पोटात जवळपास 50 ग्रॅम साखर जाते, म्हणजे बारा चमचे. पण आईच्या दुधावरच्या बाळाच्या पोटातही तेवढीच जाते, फक्त ती लॅक्टोज असते. लॅक्टोज साखरेच्या मानाने फार कमी गोड, पाचव्या हिश्श्याच्या आसपास. ते फुटून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज होतं आणि बाळाचं आतडं जन्मापासून त्याच कामाला तयार असतं. कॉर्न सिरप सॉलिड्स म्हणजे ग्लुकोजच्या साखळ्या. त्या भराभर पचतात आणि रक्तात भराभर उतरतात. शीतपेयांमधल्या बदनाम हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरपशी मात्र याची गल्लत करू नका. यात फ्रुक्टोज नसतं. माझ्या नवऱ्याने हीच गल्लत करून रात्रभर मला आणखी घाबरवलं होतं.

तिसरा प्रकार उसाच्या साखरेचा. इथल्या एका ऑरगॅनिक फॉर्म्युलात ऑरगॅनिक उसाची साखर आहे, अशी बातमी 2008 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दिली होती. ऊस सेंद्रिय शेतातला असेल, पण जिभेला आणि येणाऱ्या दातांना साखर ती साखरच. चौथा प्रकार ब्राउन राइस सिरप. 2012 मध्ये इथल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांना असं सिरप घातलेल्या फॉर्म्युलात, ते नसलेल्यांच्या तुलनेत वीसपटीहून जास्त आर्सेनिक सापडलं. भात जमिनीतून आणि पाण्यातून आर्सेनिक ओढून घेतो, आणि तो सेंद्रिय आहे म्हणून ओढायचा थांबत नाही. यूएसडीएचा, म्हणजे इथल्या कृषी खात्याचा, ऑरगॅनिकचा गोल शिक्का एवढंच सांगतो की आतला किमान 95 टक्के माल ठरलेल्या पद्धतीने पिकवलेला आहे. तो माल बाळाला किती मानवेल, हे त्या शिक्क्याचं कामच नाही.

युरोपात नियम कडक आहेत. तिथे साध्या फॉर्म्युलात 100 कॅलरीमागे किमान 4.5 ग्रॅम लॅक्टोज असावं लागतं आणि सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची उसाची साखर, चालत नाही. प्रथिनं आधीच तोडलेल्या खास डब्यांपुरतीच त्याला मुभा आहे. अमेरिकेत प्रथिनं किती, स्निग्ध पदार्थ किती, लोह किती, याच्या मर्यादा आहेत, पण साखर कोणती यावर बंधन नाही. शिवाय इथल्या बिस्किटाच्या पुड्यावरही ‘वरून घातलेली साखर’ अशी वेगळी ओळ असते, फॉर्म्युलाच्या डब्यावर ती नसते. तिथे फक्त एकूण कार्बोहायड्रेट. माझ्या दोन्ही डब्यांवर, त्या पहिल्या आणि नंतर आणलेल्या बॉबीच्या, हा आकडा जवळपास सारखाच होता. त्यामुळे आकड्याकडे बघून काहीच कळत नाही, यादीच वाचावी लागते.

आता बॉबी. अमेरिकेत हा डबा 2021 पासून मिळतो. त्याच्या यादीत पहिलं नाव मलई काढलेल्या ऑरगॅनिक दुधाचं, दुसरं ऑरगॅनिक लॅक्टोजचं. साखर म्हणून एवढंच. कॉर्न सिरप नाही, माल्टोडेक्स्ट्रिन (तशाच ग्लुकोजच्या साखळ्यांची पावडर) नाही, पाम तेल नाही. युरोपातला डबा बाहेरच्या वेबसाइटवरून मागवण्याचा विचार आम्ही केला होता, आमच्या ओळखीतली दोन घरं तेच करतात. पण तो माल एफडीएच्या, म्हणजे इथल्या अन्न-औषध नियामक संस्थेच्या, वाटेने येत नाही. काही बिघडलं आणि माल परत बोलावला गेला तर आपल्याला कोण कळवणार? फेब्रुवारी 2022 मध्ये ॲबट कंपनीने परत बोलावलेला फॉर्म्युला आणि त्यानंतरची रिकामी शेल्फं आठवत असतील त्यांना हा प्रश्न किती मोठा आहे ते माहीत आहे. तसाच डबा इथल्या दुकानात मिळतो म्हटल्यावर मी बाहेरून मागवायचा विचार सोडला.

चव मी स्वतः घेऊन पाहिली, दोन्हींची, एकाच सकाळी, चमच्याने. बॉबी कोमट पाण्यात कालवल्यावर साध्या दुधाच्या पावडरीसारखं लागतं, मागे किंचित गोडी राहते. आई म्हणाली, “अगं, हे तर अळणीच आहे, चिमूटभर साखर घाल की.” तिने आम्हा दोघा भावंडांना बोंडल्याने गाईचं दूध पाजलं ते पाणी आणि साखर घालूनच. तिच्या हातचं वाढलेलं मी मूल आहे, तिच्या काळजीत खोट नव्हती. पण मी तिला बसवून सांगितलं की साखरही नाही आणि वर्षाच्या आत मधाचं बोटही नाही. मधातून तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने होणारा गंभीर आजार, होऊ शकतो. आईला ते पटायला दोन दिवस लागले. गुटीचं साहित्य तिने न बोलता बॅगेत परत ठेवलं, आणि ते बघून मला वाईट वाटलं.

मुलीने बॉबी पहिल्याच बाटलीला घेतलं. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मला वाटलं होतं, साखर बदलली की संध्याकाळचं रडणं थांबेल. ते थांबलं नाही. पोटात वायू धरून, पाय आखडून ती तशीच रडायची, आणि साडेतीन महिन्यांची झाल्यावर आपोआप शांत झाली. पोट नाजूक आहे म्हणून लॅक्टोज काढून टाकलेला डबा आपण उचलतो, पण जन्मजात लॅक्टोज न पचणारं बाळ फार क्वचित असतं, हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. आधी विचारलं असतं तर पहिला डबा घरात आलाच नसता. वजन मात्र डबा कुठलाही असता तरी वाढलंच असतं. ते वाढलं कारण तिचं पोट भरायला लागलं, आणि याचं श्रेय मी बॉबीला देणार नाही.

किंमत हा मोठा मुद्दा आहे. 400 ग्रॅमच्या डब्याला आम्ही 25 डॉलरच्या आसपास मोजत होतो, आणि अर्धं पोट माझ्या दुधावर असूनही तो आठवडाभरच पुरायचा. पूर्ण वरच्या दुधावरच्या बाळाला चार-पाच दिवस. दुकानांचे स्वतःचे साधे, ऑरगॅनिक नसलेले डबे याच्या निम्म्याहूनही स्वस्त पडतात आणि त्यांतल्या काहींत साखर म्हणून फक्त लॅक्टोजच असतं. हे मी मुद्दाम सांगतेय. पैशांची ओढाताण असेल तर ‘ऑरगॅनिक’ हा शब्द सोडा, लॅक्टोज सोडू नका. माझ्या मते क्रम असाच लावायला हवा, आणि बाजार तो नेमका उलटा लावतो.

ज्यांचं बाळ आत्ता कॉर्न सिरपवाल्या डब्यावर आहे, त्यांनी माझ्यासारखं रडत बसू नये. 2022 मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या, कमी उत्पन्नाच्या घरांसाठीच्या सरकारी डब्ल्यूआयसी योजनेतल्या मुलांवर एक अभ्यास आला. असा फॉर्म्युला घेतलेल्या मुलांमध्ये दोन वर्षांच्या वयात लठ्ठपणाचा धोका 10 टक्क्यांनी जास्त दिसला. याने मला विचार करायला लावलं, पण तो नुसता दिसलेला संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. ज्या बाळांना गॅलॅक्टोसेमिया (गॅलॅक्टोज न पचण्याचा जन्मजात आजार) आहे त्यांना लॅक्टोज मुळीच चालत नाही, मोठ्या जुलाबानंतरही काही दिवस लॅक्टोज नसलेलं दूध द्यावं लागू शकतं. त्यांच्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेला, लॅक्टोज नसलेला डबाच औषध आहे. आमच्या शेजारच्या घरात डॉक्टरांच्या सांगण्यावरून असंच दूध चालू आहे आणि ते बदलायचं त्यांना कोणी सुचवलं तर मला राग येतो.

आणि या भीतीपायी घरी फॉर्म्युला करू नका, पावडर कमी घालून पातळही करू नका. मिठाच्या काळजीने 1978 मध्ये इथल्या एका कंपनीने सोयाच्या फॉर्म्युलातून मीठ काढून टाकलं, मिठातून मिळणारं क्लोराईड कमी पडलं आणि शंभराहून जास्त बाळं आजारी झाली. 1980 चा फॉर्म्युलाचा कायदा त्यातूनच आला. घटक काढून टाकणं नेहमी सुरक्षित असतं असं नाही.

पुण्यात माझी नणंद गरोदर आहे, तिने हाच डबा पाठवशील का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं. भारतात 1992 च्या कायद्याने या दुधाची जाहिरातच बंद आहे आणि मला ते योग्य वाटतं, आईचं दूध पुरत असेल तर कुठल्याच डब्याची गरज नाही. गरज पडलीच तर तिथल्या दुकानात काय बघायचं ते मात्र तिला लिहून दिलं. भारतीय नियमही लॅक्टोज आणि ग्लुकोजच्या साखळ्यांनाच पसंती देतात, पण गरज पडल्यास सुक्रोजला एकूण कार्बोहायड्रेटच्या 20 टक्क्यांपर्यंत मुभा आहे. तेव्हा यादीत सुक्रोज दिसलं तर डबा खाली ठेव आणि डॉक्टरांना विचार.

मुलगी आता साडेनऊ महिन्यांची आहे. वरण-भात आणि नाचणीचं सत्त्व सुरू झाल्यापासून बाटल्या दोनवर आल्यात. डबा उघडल्यापासून महिन्याच्या आत संपवायचा असतो, म्हणून झाकणावर तारीख लिहून ठेवते. वर्षाची होईपर्यंत हेच चालू ठेवणार आहोत.