मोठा फ्युएल पंप बसवताय? जुनी वायर, रिले की थेट स्विच

गाडीत टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा पंप जास्त क्षमतेचा आणला की त्याला वीज कुठून द्यायची हा प्रश्न येतो. वाटा तीन: कंपनीची वायर तशीच ठेवायची, बॅटरीवरून रिलेमार्गे (रिले म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नवी जाड वायर ओढायची, किंवा डॅशबोर्डवर स्विच लावून पंप थेट चालवायचा.

यातली तिसरी आधीच बाद करा. इंजिन फिरायचं थांबलं की ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, थोड्याच वेळात पंपाची वीज तोडतो. अपघातात पेट्रोलची नळी फाटली तर हीच सोय आगीपासून वाचवते. स्विचवरचा पंप मात्र कुणीतरी बंद करेपर्यंत पेट्रोल फेकत राहतो. कार्बोरेटरच्या गाडीत ईसीयूच नसतो. तिथे इलेक्ट्रिक पंप लावणारच असाल तर इनर्शिया स्विच (धडक बसली की वीज तोडणारा) किंवा ऑइल प्रेशरवर चालणारा स्विच मध्ये घाला.

आता खरी निवड पहिल्या दोघांत. समजा पंप १२ अँपिअर घेतो आणि टाकी बॅटरीपासून ५ मीटर अंतरावर आहे. १ चौरस मिमी तांब्याच्या वायरीत जाता-जाताच १ व्होल्टहून जास्त खर्ची पडतो, २.५ चौरस मिमीमध्ये अर्ध्या व्होल्टच्या आत भागतं. व्होल्टेज पडलं की पंप मंदावतो आणि नेमकं जोर लागतो तेव्हा इंजिनाला पेट्रोल कमी पडतं. वर जुन्या कनेक्टरच्या पिना तापतात. कनेक्टर उघडून पाहा: प्लास्टिक तपकिरी पडलं असेल, तर ती वायर नव्या पंपासाठी नाहीच.

अंदाजावर जाऊ नका. पंप चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं पंपाच्या प्लसला लावा. येईल तो आकडा म्हणजे वाटेत गेलेलं व्होल्टेज. मायनसलाही तेच करा. बॉडीवरची गंजलेली अर्थ बहुतेक जण विसरतात. दोन्हींची बेरीज अर्ध्या व्होल्टच्या आसपास असेल आणि नव्या पंपाचा करंट जुन्याइतकाच असेल, तर जुनी वायर ठेवा. उगाच गाडी फाडू नका.

नाहीतर रिले. त्याच्या ३० नंबरच्या पिनला फ्युजमधून आलेली बॅटरीची वायर, ८७ वरून पंप, आणि ८५-८६ वर एका बाजूला अर्थ, दुसऱ्या बाजूला पंपाची जुनी प्लस वायर. म्हणजे हुकूम ईसीयूचाच राहतो, करंट मात्र नव्या वायरीतून जातो. अपवाद एकच: पंपाची वीज झपाट्याने चालू-बंद करून (पल्सने) त्याचा वेग कमी-जास्त करणाऱ्या गाड्या. तिथे साधा रिले फडफडत बसतो. त्या गाडीला जमेल असा कंट्रोलर लागतो.

रिलेच्या वाटेत नवा धोका असा, की बॅटरीची जिवंत वायर अख्ख्या गाडीतून जाते. म्हणून फ्युज बॅटरीला चिकटूनच हवा, मागे रिलेजवळ नव्हे. १२ अँपिअरच्या पंपाला २.५ चौरस मिमी वायर आणि २० अँपिअरचा फ्युज पुरे. फ्युज उडतोय म्हणून मोठा घालणारे मेकॅनिक भेटतात. मग फ्युजऐवजी वायर जळते. पत्र्यातून जाताना भोकाला रबरी ग्रोमेट (वायर कापू न देणारी कडी), आणि सांधे नीट क्रिम्प केलेले, म्हणजे पक्कडीने घट्ट दाबलेले.

टाकीच्या आतलं काम दोन्ही वाटांत सारखंच. साधी पीव्हीसी वायर पेट्रोलमध्ये कडक होऊन तडकते, तिथे पेट्रोलला टिकणारी पीटीएफई वायरच घाला. आणि झाकण उघडण्याआधी बॅटरीची मायनस काढून ठेवा.