फ्लुरोयुरासिल ५ टक्के मलम: उजव्या हाताचा अनुभव

तीस वर्षं एसटी चालवली, उजवा हात कायम खिडकीत, उन्हात. त्याच हातावर कोपराखाली रुपयाएवढा लालसर, खवल्यांचा चट्टा उठला. गावातल्या डॉक्टरांनी गजकर्ण म्हणून आठ महिने मलमं बदलली. शेवटी तुकडा तपासला तर बोवेन्स डिसीज. म्हणजे कातडीचा कॅन्सर, पण अजून वरच्या थरातच, खाली उतरलेला नाही. कापायचं की मलम, असं विचारलं. मी मलम म्हटलं.

दिवसातून दोनदा, चार आठवडे, कापसाच्या काडीनं. पहिला आठवडा काहीच नाही, मला वाटलं पैसे पाण्यात. दुसऱ्यात लाल, तिसऱ्यात पाणी सुटून खपली, सदऱ्याची बाही चिकटायची. आग अशी की मिरची वाटलेला हात बरा. घाबरून फोन केला तर डॉक्टर म्हणाले, "काका, असंच व्हायला हवं. बिघडलेल्या पेशी मरतायत." हे आधी सांगितलं असतं तर एक रात्र झोप लागली असती.

घरात कुत्रं-मांजर असेल तर ट्यूब वर ठेवा, चाटलं तर जिवावर बेततं. आमच्या मनीला महिनाभर मांडीवर घेतली नाही, ती अजून रुसलेली आहे.

आता जागेवर फिकट डाग आहे. दर सहा महिन्यांनी दाखवायला जातो, पूर्ण बाहीचा सदरा घालून. पाचपैकी चार तारे. एक कापला तो माहितीपत्रकासाठी: सगळं इंग्रजीत, आणि मुंगीएवढ्या अक्षरांत.