तपासणी माझीही झाली: अँड्रॉलॉजी क्लिनिकचा अनुभव

मूल होत नाही म्हणून आम्ही दोघं उपचार घेतोय आणि अडचण माझ्या बाजूची आहे. शुक्राणूंची संख्या कमी, त्यांची हालचालही कमी. हा रिव्ह्यू आहे अँड्रॉलॉजी क्लिनिकचा, म्हणजे जिथे पुरुषांच्या प्रजननाचे डॉक्टर असतात. क्लिनिकचं आणि डॉक्टरांचं नाव लिहीत नाही, त्यावरून आमची ओळख उघड होईल. पण तिथे काय झालं ते सविस्तर लिहितोय, कारण मी शोधत होतो तेव्हा एखाद्या पुरुषाने मोकळेपणाने लिहिलेलं असं काही मला सापडलं नव्हतं.

याआधी आम्ही एका वंध्यत्व केंद्रात जायचो. तिथे माझं काम एवढंच, डबीत नमुना द्यायचा. रिपोर्ट आला, डॉक्टर बायकोकडे बघून म्हणाले, ‘इक्सी करावं लागेल’ (म्हणजे तिची बीजं काढून लॅबमध्ये त्यात शुक्राणू सोडायचा), आणि तिच्या इंजेक्शनांचं वेळापत्रक तिच्या हातात दिलं. मला कोणी पडद्याआड नेऊन तपासलं नाही. काम काय करता, लहानपणी अंडकोषाचं ऑपरेशन झालं होतं का, वयात आल्यावर गालगुंड झालं होतं का, औषधं कोणती चालू आहेत, एकही प्रश्न नाही. दोष माझ्यात आणि सुया तिला. याचा मला फार त्रास व्हायचा. ती ‘मला चालेल’ म्हणायची तेव्हा तर जास्तच.

अँड्रॉलॉजिस्टने पहिला प्रश्न कामाचा विचारला. मी बॉयलर अटेंडंट आहे, वर्षानुवर्षं बॉयलर हाउसमध्येच ड्यूटी. डॉक्टर म्हणाले, वृषणं शरीराबाहेर असतात त्याला कारण आहे. शुक्राणू नीट तयार व्हायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. एवढ्यानेच सगळं बिघडलं असं नाही, पण उष्णता कमी करता आली तर करा. मी सुपरवायझरकडे कंट्रोल रूमची ड्यूटी मागितली. त्यांनी कारण विचारलं, मी खरं ते सांगितलं. पुढच्या आठवड्यापासून ड्यूटी बदलली आणि या विषयावर ते कुणाशी एक अक्षर बोलले नाहीत. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

जिमची इंजेक्शनं घेता का, हेही डॉक्टरांनी विचारलं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश थांबतो आणि शुक्राणू बनणं पूर्ण बंद पडू शकतं. पुरुषी ताकदीचं म्हणून घेतलेलं औषध मूल होण्याच्याच आड येतं. मी घेत नव्हतो, पण शिफ्टमधला एक मुलगा घेतो. त्याला त्याच संध्याकाळी सांगितलं.

मग तपासणी. आधी झोपवून, मग उभं करून, मग जोर द्यायला सांगून. अंडाकृती मणी ओवलेली एक माळ असते, मणी लहानापासून मोठ्यापर्यंत. वृषणाचं आकारमान त्या मण्यांशी ताडून बघतात. या वयात असं उभं राहायला लाज वाटेल असं वाटलं होतं. डॉक्टर शांतपणे एकेक गोष्ट सांगत होते, त्यामुळे वाटली नाही. डाव्या बाजूला व्हेरिकोसील निघालं, म्हणजे वृषणाच्या वरच्या शिरा फुगलेल्या. हाताला सहज लागत होत्या. साधारण १५ टक्के पुरुषांना व्हेरिकोसील असतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांना मुलं होतात. पण मूल होत नाही म्हणून तपासणीला येणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत जातं. आधीच्या केंद्रात कोणी हात लावून बघितलं असतं तर तिथेच कळलं असतं.

वीर्य तपासणी त्यांनी पुन्हा करायला लावली. एका रिपोर्टवर निर्णय घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम, आणि मला तो पटला. नमुन्याआधी दोन ते सात दिवस वीर्यस्खलन झालेलं नसावं, आणि नमुना तासाभराच्या आत लॅबमध्ये पोहोचला पाहिजे. इथे लॅब शेजारच्याच खोलीत आहे. माझी संख्या मिलिलिटरमागे ६ मिलियन आली आणि पुढे सरकणारे शुक्राणू १४ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा १६ मिलियन आणि ३० टक्के आहे. ही मर्यादा कशी ठरली तेही डॉक्टरांनी सांगितलं. ज्यांच्या जोडीदाराला वर्षभराच्या आत दिवस गेले अशा पुरुषांचे आकडे घेतले, त्यात सगळ्यांत कमी असलेले ५ टक्के या रेषेच्या खाली होते. म्हणजे रेषेखाली आलो तर मूल होणारच नाही असं नाही, वेळ जास्त लागू शकतो. हे ऐकल्यावर कितीतरी दिवसांनी मला मोकळा श्वास घेता आला.

हार्मोन्सचे रिपोर्ट ठीक आले. संख्या ५ मिलियनच्या खाली असती तर गुणसूत्रांची तपासणीही सांगितली असती, ती वाचली. आधीच्या केंद्रातून अँटिऑक्सिडंटची पाकिटं चालू होती, ती त्यांनी बंद केली. अमेरिकेतल्या मॉक्सी नावाच्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले, त्यात अशा गोळ्यांनी वीर्याचे आकडे सुधारले नाहीत, असं त्यांनी सांगितलं. आपल्याकडचं दुसरं काही लिहून दिलं नाही, यावरून माझा विश्वास बसला.

पर्यायांची बैठक आम्हा दोघांना समोर बसवून घेतली, त्यासाठी मी या क्लिनिकला सगळ्यांत जास्त गुण देईन. आययूआय म्हणजे शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडणं. त्यासाठी नमुना लॅबमध्ये धुऊन झाल्यावर हालचाल करणारे शुक्राणू पुरेसे उरावे लागतात, माझ्याकडे तेव्हा तेवढे नव्हते. इक्सी १९९२ पासून यशस्वीपणे होतं आहे. त्यात एकच शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडतात, त्यामुळे संख्येचा प्रश्न बराचसा बाजूला पडतो. पण बीजं तयार करायची इंजेक्शनं, बीजं काढण्याची प्रक्रिया, अंडाशय फाजील सुजण्याचा धोका, हे सगळं तिच्या वाट्याला. तिसरा पर्याय माझ्या व्हेरिकोसीलचं ऑपरेशन, सूक्ष्मदर्शकाखाली. त्याने बऱ्याच जणांचे आकडे सुधारतात, सगळ्यांचे नाही, आणि फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात, कारण एक शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे ७४ दिवस जातात. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, ‘यांचं वय सदतीस-अडतीस असतं तर मी थांबायला सांगितलं नसतं, सरळ इक्सी सुचवलं असतं.’ बायको एकोणतीसची आहे, तिचे रिपोर्ट चांगले आहेत, म्हणून थांबणं परवडणारं होतं.

दात्याच्या वीर्याचा विषयही त्यांनी काढला, पर्याय म्हणून सांगून ठेवला. मी गप्प झालो. बायको म्हणाली, ‘याला जरा वेळ द्या.’ त्यांनी विषय तिथेच थांबवला आणि समुपदेशकाकडे पाठवलं. त्या बाईंनी मला एकट्याला बसवून विचारलं, ‘तुम्ही कसे आहात?’ तोवर सगळे फक्त तिला विचारत होते, मीसुद्धा. मी खूप बोललो, रडलोही. कॅलेंडर बघून जवळ यायचं, त्यामुळे आमच्यातला जिव्हाळाच आटत चालला होता, तेही सांगितलं. दिवस मोजणं सोडा, दर दोन-तीन दिवसांनी संबंध आला तरी पुरतं, असं त्या म्हणाल्या. या एका वाक्याने घरातला ताण जितका उतरला तितका औषधाने उतरला नसता.

ऑपरेशनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सकाळी दाखल, संध्याकाळी घरी, थोडे दिवस ठणका, जड उचलायचं नाही. आधी एक नमुना गोठवून ठेवायचा का, असं त्यांनी विचारलं होतं. आम्ही ठेवला.

आता उणिवा. नमुना द्यायच्या खोलीचं दार थेट प्रतीक्षागृहात उघडतं, बाहेर येताना वीसेक डोळे आपल्याकडे. आधीच मन कोसळलेल्या माणसाला हे नको, दार दुसऱ्या बाजूला काढायला हवं. समुपदेशक आठवड्यातून एकच दिवस असतात. आणि एकदा रिपोर्ट सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मोबाईलवर नुसता पाठवून दिला, समजावणारं कोणी नाही. दोन दिवस आम्ही आकडे बघत बसलो. रिसेप्शनवर तक्रार केली. आता रिपोर्टबरोबर फोन येतो.

आम्हाला अजून दिवस गेलेले नाहीत. ऑपरेशननंतर तीन महिन्यांचा रिपोर्ट आला तेव्हा संख्या १३ मिलियन आणि पुढची हालचाल २६ टक्के होती. रेषेखालीच, पण आता आययूआयचा विचार करता येतो. सहा महिन्यांच्या रिपोर्टपर्यंत नैसर्गिक प्रयत्न, मग आययूआय, तेही नाही जमलं तर इक्सी, असं डॉक्टरांनी आमच्यासमोर लिहून खाली तारीख घातली आहे. इक्सीची वेळ आली तर इंजेक्शनं तिलाच घ्यावी लागणार, हे मला माहीत आहे. ती म्हणते, आता घेईन, कारण आपण दुसरं सगळं करून बघितलं असेल.

जाणाऱ्यांनी जुने सगळे रिपोर्ट, चालू औषधांची यादी आणि कामाच्या जागेची नीट माहिती घेऊन जा. जोडीदाराच्या गर्भनलिका बंद असतील किंवा तिचं वय जास्त असेल तर पुरुषाच्या उपचारात महिने घालवणं परवडेल का, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. आणि दोघांनी जा. आमच्या डॉक्टरांनी एकट्याबरोबर पर्यायांची बैठक घ्यायला नकार दिला होता. मी रजेचं कारण सांगून एकटाच जाऊन येतो म्हणालो, तर त्यांनी रविवारची वेळ दिली.