'फुल इंजिन'चं बिल आणि आत जुनेच शेल

बिलावर तीन ओळी होत्या: फुल इंजिन (म्हणजे इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधणं), चॅसिस वेल्डिंग, नवीन पेंट. गाडी म्हणजे लॅडर चॅसिसची (शिडीसारख्या लोखंडी सांगाड्याची), मागे कमानपाट्यांची जुनी डिझेल पिकअप. मालकाच्या ताब्यात आली तेव्हा अगदी शोरूमची वाटत होती. काही महिन्यांत केबिनच्या खालच्या कोपऱ्यांत रंगाला फोड आले, इंजिन गरम झालं की ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकू लागला आणि गाडी दुसऱ्या फिटरकडे उघडावी लागली. आत जे निघालं ते सविस्तर लिहितो आहोत, कारण हे प्रकार ठरलेले असतात आणि वेळेवर पाहिलं तर सगळे पकडता येतात.

आधी चॅसिस. मागच्या पाट्याच्या पुढच्या हँगरजवळ (पाटा चॅसिसला जिथे अडकतो तिथे) लांब पट्टी गंजून खाल्ली गेली होती. ती कापून काढायची सोडून वरून पत्र्याचा तुकडा चार ठिकाणी टाका मारून चिकटवला, फटीत पुट्टी भरली आणि त्यावर काळा रबरी अंडरकोट मारला. वरून पाहणाऱ्याला नवंकोरं. तुकडा आणि जुना लोखंडी भाग यांच्यामध्ये पाणी अडतं आणि गंज आतून पूर्वीपेक्षा जोरात चालू होतो. हँगरवर मागच्या चाकाचा सगळा भार आणि ब्रेकचा झटका येतो. तिथला पत्रा फाटला तर एक्सल जागेवर राहत नाही, म्हणून याला फिनिशिंगमधली कसर म्हणून सोडून देता येत नाही.

खरं काम असं होतं: गंज निरोगी लोखंडापर्यंत कापायचा, त्याच जाडीची प्लेट घ्यायची, कडा उतरत्या घासून वेल्ड आरपार बसवायचा. वरून आधाराची प्लेट लावायची असेल तर तिची टोकं तिरकी किंवा शंकरपाळ्याच्या आकाराची हवीत. चॅसिसला आडवी सरळ वेल्डची रेघ पडली की पुढे तडा तिथूनच जातो. पाणी निघायची भोकं बुजवायची नाहीत आणि काम झाल्यावर पोकळीत कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण) सोडायचं.

पकडायचं कसं? छोटी हातोडी घेऊन चॅसिस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणतं, पुट्टी किंवा कुजका भाग बद्द वाजतो. शंका आली तिथे स्क्रूड्रायव्हर जोर देऊन दाबा. 'अंडरकोट खराब होईल' म्हणून कोणी अडवलं, तर नेमकं तिथेच दाबायचं. बॉडीसाठी पेंटची जाडी मोजणारं गेज वापरा. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतो, पुन्हा रंगवलेला त्याच्या दुप्पट भरू शकतो, आणि 1000 च्या पुढे आकडा गेला की खाली पुट्टी आहे. पुट्टी वाईट नाही. घासून झाल्यावर 2-3 मिलिमीटरपर्यंत, तीही स्वच्छ पत्र्यावर किंवा इपॉक्सी प्रायमरवर, चालते. गंजावर मारली की ती ओल धरते आणि फोड येतात. केबिनच्या कोपऱ्यांचं तेच झालं होतं.

मोठी रक्कम इंजिनात गेली होती. बिलात क्रँक (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा दांडा) 0.25 ग्राइंड आणि बोअरिंग (सिलिंडर आतून कापून मोठा करणं) लिहिलेलं. संप (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) काढून बिग एंडची, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाची, कॅप उघडली, शेल (बेअरिंगची अर्धगोल वाटी) हातात घेतला आणि पाठ पुसली, तर शिक्का 'एसटीडी', म्हणजे स्टँडर्ड. क्रँक खरंच 0.25 मिलिमीटरने कमी केला असता तर शेलही 0.25 अंडरसाइझच लागले असते, स्टँडर्ड शेल त्यावर ढिले बसतात. म्हणजे क्रँक लेथवाल्याकडे गेलाच नव्हता. शेल जुनेच होते, वरचा राखाडी थर जाऊन तांब्याचा रंग दिसत होता. गरम झाल्यावर प्रेशर पडायचं कारण हेच. सुरुवातीला ते कळलं नाही, कारण गाडी देताना जाड ऑइल आणि वर दाट करणारं ॲडिटिव्ह घातलेलं होतं. त्याने ठोका दबतो आणि आयडलला प्रेशर बरं दिसतं.

हेड काढल्यावर सिलिंडरच्या वरच्या टोकाला नख फिरवलं, तर नख अडलं. रिंग जिथवर पोहोचते तिथवर झीज होते, वर कोरी कड राहते. बोअरिंग केल्यावर ही कड उरूच शकत नाही. पिस्टनच्या डोक्यावर ओव्हरसाइझचा (मोठ्या मापाचा) आकडा नव्हता. सिलिंडरवर हाताने चार घासे मारून नव्या रिंगा घातल्या होत्या. त्याला हाफ इंजिन म्हणतात. वाईट म्हणजे झिजलेल्या जुन्या रिंगेच्या जागी चौकोनी कडेची नवी रिंग आली की ती त्या कडेवर आपटते आणि रिंग किंवा पिस्टनवरची रिंगांमधली पट्टी तुटते.

तेव्हा उघडलेलं इंजिन परत जोडून बंद करण्याआधी जाऊन बघा. नवे शेल आणि पिस्टन बसवायच्या आधी त्यांच्यावरचे आकडे फोटोत घ्या. मशीनिंगची पावती लेथवाल्याचीच मागा, त्यावर प्रत्येक जर्नलचं (क्रँकच्या शेल बसणाऱ्या गोल भागाचं) माप 0.01 मिलिमीटरपर्यंत, दोन दिशांनी घेतलेलं हवं. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून फिलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापकाने) रिंगेच्या टोकांमधला गॅप मोजा, 100 मिलिमीटर बोअरला ढोबळमानाने 0.3 ते 0.4 मिलिमीटर. नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलचा धरायचा. वेट लायनरचं (सिलिंडरची नळी बदलता येणारं) इंजिन असेल तर बोअरिंगचा प्रश्न नाही, जुने लायनर परत मागा. संपच्या कडेने सिलिकॉन बाहेर ओघळलेलं दिसलं तर तेवढंच आतही गेलेलं असतं, आणि तो गोळा ऑइलच्या जाळीत अडकतो.

गाडी सुरू करून बघायची चाचणी थंड इंजिनावर घ्या. तुम्ही पोहोचायच्या आधीच कोणी गरम करून ठेवलेलं असेल तर परत फिरा. कॉम्प्रेशनमध्ये एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडर-सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा, दहा टक्क्यांच्या वर गेला की कारण विचारा. सिलिंडरमध्ये ऑइल टाकून घ्यायची चाचणी पेट्रोल इंजिनाची. डिझेलवर ती कोणाला करू देऊ नका.

ब्रेकचंही थोडक्यात. खड्डे पडलेल्या व्हील सिलिंडरमध्ये नवं रबर किट घालून 'नवीन ब्रेक' म्हणतात. रबर त्या खड्ड्यांवर घासून फाटतं. सिलिंडरच बदला.

स्टार्टर, अल्टरनेटर, डिझेल पंप हे गाडी सुटी असताना बदलले जाणारे भाग. गाडी देण्याआधी सिरियल नंबरचे फोटो काढा आणि न दिसणाऱ्या जागी पेंट मार्करची खूण करा. जुने पिस्टन परत मागायचे असतील तर ते बाहेर निघाल्यावर त्यांच्यावरही अशीच खूण करा, नाहीतर भलत्याच गाडीचे पिस्टन हातात पडतात.

पैसे टप्प्याने द्या आणि टप्पा उघड्या कामाशी बांधा: प्रायमरआधी नागवी चॅसिस पाहून एक हप्ता, संप लागण्याआधी एक. सगळा ॲडव्हान्स देऊन बसलात तर सुटी केलेली गाडी ओलीस पडते.

आणि फसवणूक झालीच असेल तर लगेच दुरुस्तीला लागू नका. दुसऱ्या फिटरसमोर उघडा, मोजपट्टी ठेवून फोटो घ्या, मापं त्याच्याकडून सहीने लिहून घ्या. शेल, रिंगा आणि चॅसिसचा कापलेला तुकडा पिशवीत तारीख घालून ठेवा, आणि जुन्या ऑइलची एक बाटलीही.