कायझेन प्रशिक्षण : वर्गातले दोन महिने आणि मशीनजवळचे चार

भोसरीतील आमच्या मशीन शॉपने गेल्या वर्षी एका सल्लागार संस्थेकडून कायझेनचे, म्हणजे कामात सतत लहान लहान सुधारणा करत राहण्याच्या जपानी पद्धतीचे, सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेतले. झालेल्या चुकीवर पांघरूण न घालता तिच्यातून रोज थोडे शिकण्याची सवय कामगारांना आणि अधिकाऱ्यांना लागावी, एवढीच आमची अपेक्षा होती.

पहिले दोन महिने जवळजवळ वाया गेले. 'हान्सेई' (आत्मपरीक्षण), 'गेम्बा' (प्रत्यक्ष कामाची जागा) हे जपानी शब्द पडद्यावर येत आणि रात्रपाळी करून आलेली माणसे माना डोलवत. महिन्याला दोन सुधारणा सुचवण्याची सक्ती झाली, तेव्हा 'झाडू जागेवर ठेवावा' ही एकच सूचना निरनिराळ्या हस्ताक्षरांत अकरा वेळा आली. फॉर्म इंग्रजीत होते, हे वेगळेच.

तिसऱ्या महिन्यात आलेले ज्येष्ठ प्रशिक्षक मात्र थेट मशीनपाशी उभे राहिले. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी रुजवलेली पाच वेळा 'का?' विचारण्याची पद्धत त्यांनी रिजेक्ट झालेला जॉब (मशीनवर घडवलेला भाग) हातात घेऊनच दाखवली. बोअर (जॉबमधले भोक) मोठे का झाले? इन्सर्ट (धातू कापणारे बदलते पाते) बदलल्यावर पहिला जॉब मोजला नाही. का? आधीच्या पाळीने इन्सर्ट बदलल्याचे पुढच्या ऑपरेटरला ठाऊक नव्हते. का? लॉगबुक कपाटात होते. कपाट बंद का? यावर आमचे सुपरवायझर क्षणभर थांबून म्हणाले, "कुलूप मीच लावतो, पानं फाटतात म्हणून." पाचवा 'का' विचारावा लागला नाही, आणि साहेबांनीच आपली चूक सांगितल्यावर एरवी गप्प असणारे दोघे-तिघेही बोलू लागले. आता लॉगबुक सुतळीने मशीनलाच बांधलेले असते आणि पाळी बदलताना दहा मिनिटे दोन्ही ऑपरेटर ते एकत्र वाचतात.

यात नवे काही नाही, असे आमचे जुने फिटर म्हणतात, आणि ते खरेच आहे; भेल या सरकारी कंपनीने 1980 मध्ये हैदराबादला क्वालिटी सर्कल, म्हणजे कामातल्या अडचणी एकत्र बसून सोडवणारे कामगारांचे छोटे गट, सुरू केले होते आणि 1982 मध्ये त्यासाठी राष्ट्रीय पातळीवरचा फोरमही स्थापन झाला.

ही सेवा घ्यायची असल्यास वर्गातील सत्रे वगळून फक्त शॉप फ्लोअरवरचे दिवस मागावेत, प्रशिक्षक कोण येणार हे करारात लिहून घ्यावे आणि सुपरवायझरला पहिल्या दिवसापासून सोबत बसवावे. आमच्या करारातील तीन महिन्यांनंतरची पाहणी अद्याप झालेली नाही. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा नव्या कोर्सचे माहितीपत्रक आले.